भिंतीला भिडणारं कपाळ

आमच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी एक मुलगी सरावाला येते. तिला जन्मापासून दोन्ही हात नाहीत. पॅरालिम्पिकमधली सुवर्णपदकं मात्र आहेत. हात नसल्यामुळे शर्यत संपवताना ती भिंतीला डोकं टेकवते. टेकवते कसली, आदळते! आज तो ठक्क आवाज ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. डोक्याला लागू नये म्हणून आपण जन्मभर हात पुढे करत राहतो, अंधारात, गर्दीत. आणि ही डोकंच पुढे घालते.

तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. न राहवून मी विचारलं, "लागत नाही का गं?"

"लागतं ना, काका," ती हसली. "नाही लागलं, तर समजायचं, शेवटी वेग कमी केला."

एवढं बोलून ती वळली आणि समोरच्या भिंतीकडे सुसाट निघाली.