माहेर नावाचं कुटुंब

बातमी आली तेव्हा मी सुपरमार्केटच्या दारात ट्रॉलीची वाट बघत उभी होते. ट्रॉली घेतल्याशिवाय आत सोडत नव्हते तेव्हा. मृणालचा फोन आला. "आई गेली गं. पहाटे." ती एवढंच बोलली आणि मीही "बरं" एवढंच म्हणाले. कोरोनाच्या त्या दिवसांत अशा फोनांची इतकी सवय झाली होती की रडू यायच्या आधी थकवाच यायचा... मी आत गेले, दूध घेतलं, भाजी घेतली, घरी आले. पिशवी रिकामी करताना दिसलं, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणल्यात. एक नेहमीप्रमाणे शैलजाकाकूंची.

मृणालचं घर इथे उइटहॉर्न या डच गावात, आमच्या मागच्याच गल्लीत. काकू तिच्याकडे आल्या त्या सस्कॅचवानहून, कॅनडाच्या गव्हाच्या सपाट मुलखातून. काका तिथल्या एका लहान गावात गणिताचे मास्तर होते. ते वारल्यावर काकू गावाच्या जुन्या शाळेतल्या एका खोलीत जाऊन बसायला लागल्या. त्या खोलीत गावाचा इतिहास ठेवला होता. जमिनीचे नकाशे, चर्चची रजिस्टरं आणि खोकीच्या खोकी फोटो : मळणीचे, लग्नांचे, छपरापर्यंत बर्फात गाडलेल्या घरांचे. काकू बिनपगारी ते लावत बसायच्या. "राजे-महाराजे कुणी नाहीत हो त्यात," त्या म्हणायच्या. "थंडीत टिकून राहिले, हाच त्यांचा पराक्रम." मुलीकडे महिनाभर म्हणून आल्या आणि विमानं बंद झाली. राहिल्या त्या राहिल्याच.

पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?" मला राग आला होता, खरं सांगते. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी. केलं, लायडनला लॅबमध्ये नोकरी करते, आणि ह्या बाईंना माझं माहेर हवं? मी म्हटलं, "काकू, मी काय करते ते नाही विचारलंत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ते तू सांगणारच आहेस, दिसतंय की. नवऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवर आहे. उरलेलं कोण सांगणार?" मी हसले आणि इचलकरंजी सांगितलं. मग गल्ली विचारली, घरात काय हाक मारायचे ते विचारलं. बबडी म्हणायचे, तेही मी सांगून बसले. पुढे सगळ्यांसमोर बबडीच म्हणायच्या मला.

हे विचारणं त्यांना त्या खोलीने लावलं होतं. फोटोमागे पुरुषांची नावं पूर्ण असायची आणि बायका नुसत्या मिसेस अमुक, मिसेस तमुक. नवरा मेला, शेत विकलं, की ती बाई कोण होती हे सांगणारं कुणी नाही. म्हणून काकूंनी प्रत्येक फोटोच्या नोंदीत एक ओळ वाढवली. तिथे इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'माहेर'. "इंग्रजीतल्या 'मेडन नेम'मध्ये नुसतं आडनाव येतं," त्या म्हणायच्या. "मला गाव हवं, घर हवं, आई काय हाक मारायची ते हवं." त्या इकडे आल्यावर डोना नावाची एक बाई ते काम बघू लागली. एक दिवस तिची ईमेल आली : आपल्या गावात माहेर नावाचं कुटुंब इतकं मोठं होतं याची आम्हाला कल्पनाच नव्हती, त्यांच्यासाठी वेगळा खण केला आहे. काकू खोकला येईपर्यंत हसल्या. "बबडी, सगळ्या बायका एका घरात नांदवल्या गं तिने!" चूक कळवायला हवी होती. "परवा लिहू," त्या म्हणाल्या. ते परवा काही आलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथली बरीच डच कुटुंबं त्या गावात शेती करायला गेली होती. त्यांच्या मागे राहिलेल्या बहिणी आता इथल्या वृद्धाश्रमांत होत्या, आणि वृद्धाश्रमांत तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकूंना त्याचीच घाई होती. "ओळखणाऱ्याच चालल्यात गं..." माझं डच बरं म्हणून फोन मी करायचे. एकदा नव्वदीच्या एका आजींना भेटायला गेलो. आत सोडत नव्हते. काचेबाहेर फुलझाडांच्या वाफ्यात उभं राहून काकूंनी तिकडून बरोबर आणलेला एक फोटो काचेला लावला, आतून आजी फोन कानाला धरून बघत होत्या. एका ओळीत उभ्या बायका, टोकाच्या बाईच्या काखेत कोंबडी. मागे लिहिलेलं, 'मिसेस यान'. आजींनी आतून त्या बाईवर बोट ठेवलं. मग फोनवर ओरडल्या, "ही तर आमची तिनेके! बघा, कोंबडी अजून काखेतच धरते!" काकूंनी बाहेरून तिथेच बोट ठेवलं. मग तिथेच वाफ्याच्या कठड्यावर बसून फोटोमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिलं. पेनाची शाई पुढे उमटते, म्हणून नेहमी पेन्सिल. दुसऱ्या फोटोसाठी पुन्हा गेलो तेव्हा त्या खिडकीला पडदा होता. नर्सने आतूनच मान हलवली. परतीच्या बसमध्ये काकूंनी तो दुसरा फोटो पुन्हा पाकिटात घातला. घर आल्यावर म्हणाल्या, "दमले गं मी."

त्यानंतर थंडीत त्या आजारी पडल्या, आणि हॉस्पिटलात काचेबाहेर उभं राहायची पाळी आमची आली.

काही आठवड्यांनी डोनाची ईमेल आली. त्या खोलीत काकूंचा फोटो लावायचा होता. तिने विचारलं होतं, लग्नाआधी त्या कोण होत्या? मी मृणालला विचारलं. इथली नगरपालिका बाईला जन्मनावाने, म्हणजे माहेरच्या आडनावानेच ओळखते, पण काकूंच्या पासपोर्टवर सासरचंच नाव, तेच इथे जन्मनाव म्हणून लागलेलं. मृणाल म्हणाली, "आजोळ वाईचं, आडनाव साबळे. आणि नाव शैलजाच की." मला ते पटेना. त्या पिढीत लग्नात नाव बदलायचे. मी म्हटलं, "वाईला विचार." वाईला एक थकलेली मावशी आहे. तिने फोनवर दोनदा विचारलं, "कोण शैलजा?" मग म्हणाली, "अगं बाई, वेणू होय! शैलजा सासरच्यांनी ठेवलं. आम्हाला कधी तोंडात बसलंच नाही ते." मृणालने फोन ठेवला. "पन्नाशीला आले मी," ती म्हणाली, "आणि हे आज कळतंय मला?" सगळ्या गावाच्या बायकांना विचारत फिरलेल्या बाईला कुणीच विचारलं नव्हतं.

काकूंची पेन्सिल मृणालकडे त्यांच्या चष्म्याच्या डबीत होती, चाकूने तासलेली, बोटभर उरलेली. फोटो पालथा घालून मी हलक्या हाताने लिहिलं : वेणू साबळे, वाई. फोटो गेला. परवा डोनाचं उत्तर आलं. एक प्रत भिंतीवर लावली आहे, दुसरी माहेर कुटुंबाच्या खणात ठेवली, चालेल ना?

चूक सुधारायची ती हीच वेळ होती. मी लिहिलं, चालेल. त्या तिथल्याच.