उगवून पाहिलेली कॉपी

गोंदियाच्या स्टेशनाजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. अर्जुनी मोरगावहून माझा लिनक्सचा जुना लॅपटॉप मांडीवर धरून मी त्याच्याकडे गेलो होतो. आतली डिस्क कटकट वाजत होती, आणि गावच्या तलावांच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज तिच्यातच होते. त्यातले बहुतेक आता गेले. माझे वडीलही.

त्यानं लॅपटॉपला कान लावला आणि बोटानंच मला गप्प केलं. मग चालू सिस्टिमची अख्खी कॉपी पेनड्राईव्हवर घेतली. दुसऱ्या मशीनला लावली की प्रोग्रामांसकट सगळं जसंच्या तसं चढेल, अशी ती कॉपी. मी हात पुढे केला, तर त्यानं पेनड्राईव्ह मुठीत घट्ट धरला.

"धानाचं बियानं ओल्या पोत्यात उगवून पायता ना तुमी? मंग ह्याले काऊन नाही पायत?"

त्यानं स्वतःच्या लॅपटॉपमधलं सगळं पुसून माझी कॉपी त्यावर चढवली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. तो डोळे मिटून बसला होता, ओठ मात्र हलत होते. अखेर पडदा उजळला. त्यानं एक रेकॉर्डिंग लावलं, तर वडिलांचा खोकला ऐकू आला, मग आवाज.

"तुमचा लॅपटॉप असा पुसून टाकता, त्यात तुमचं काही नसतं?"

"होता ना, माह्या मायचा आवाज. कापी बी करून ठेवली होती," तो म्हणाला. "उगवली नाही."

घरी माझ्या कपाटात आधीच्या आवाजांच्या, कधीच उगवून न पाहिलेल्या सहा कॉप्या आहेत. त्या दिवसापासून ते कपाट उघडायला हात धजत नाही.