दोन साक्षीदारांचा चेक

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, बँकेवर विश्वास नव्हता, टपालावर नव्हता आणि पोटच्या मुलावर तर गेले सहा महिने मुळीच नव्हता. अलिबागच्या कोर्टात उभा जन्म कारकुनी केलेली. खोट्या सह्या नि खोटे अंगठे बघून बघून त्यांना खरा माणूससुद्धा आधी खोटाच वाटे.

आमचे हे इंजिनिअरिंग शिकायला विलायतेत गेलेले. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आधी दर आठवड्याला पत्र, मग महिन्याला, मग काहीच नाही. "मडम!" मामंजींनी निकाल देऊन टाकला. चौलच्या वाडीतली सुपारी विकून त्यांनी माझं बोटीचं तिकीट काढलं, आणि वर ट्रॅव्हलर्स चेक घेऊन दिले.

"ह्या चेकांचं त्याला कळता कामा नये," ते म्हणाले. "मडम निघाली तर ह्या पैशांत पुढच्या बोटीने परत यायचं. माझी सून तिथे कुणाची भांडी घासत बसणार नाही."

मुंबईच्या बँकेत कारकुनाने माझ्याकडून प्रत्येक चेकवर वर एक सही घेतली. खालची सही तिकडे, पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करायची. दोन्ही जुळल्या की पैसे मिळणार, असं त्याने समजावलं. मामंजी परतताना रेवसच्या लाँचमध्ये भडकले.

"परक्या माणसासमोर सही? तो काय तुला ओळखतो? सही करायची ती चार ओळखीच्या माणसांत!"

घरी आल्या आल्या पडवीत पाट मांडून त्यांनी माझ्या खालच्या सह्याही उरकून घेतल्या. मग चेक उलटे करून मागे 'समक्ष सही केली' असं लिहिलं. पहिला साक्षीदार ते स्वतः, दुसरे शेजारचे वैद्य. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरात साक्षीदाराशिवाय कागद म्हणजे रद्दी. मी ते चेक परकराच्या नेफ्यात शिवून टाकले.

विलायतेच्या धक्क्यावर मला उतरवून घ्यायला हे आले होते. वाळले होते, मिशी काढली होती. मला बघून हसले, पण डोळ्याला डोळा देईनात. खोलीवर गेल्याबरोबर माझा पासपोर्ट घेऊन कपाटात ठेवला. "हरवेल गं," म्हणाले, आणि चावी खिशात. माझ्या मनात पाल चुकचुकली. रोज सकाळी कॉलेजला म्हणून जायचे आणि संध्याकाळी यायचे तेव्हा कोटाला गोडसर वास. अत्तर नव्हे, फूल नव्हे, काहीतरी भलतंच गोड. मेली मडम काय अंगाला लावते तरी काय? मी आठ दिवस तो कोट हुंगला आणि नवव्या दिवशी नेफा उसवून बँकेत गेले.

खिडकीतल्या कारकुनाने चेक पुढून पाहिला, मागून पाहिला आणि चेहरा असा केला की जणू मी कोणाची पाकीटमारी करूनच आले आहे.

"खालची सही आधीच केलेली आहे. आणि मागे हे काय लिहिलंय?"

"साक्षीदार," मी इंग्रजीत ठणकावलं. मी मॅट्रिक झालेली होते, तीही एका झटक्यात.

त्याने मॅनेजरला बोलावलं. पासपोर्ट? कपाटात. चावी? नवऱ्याकडे. झालं हात दाखवून अवलक्षण! मॅनेजर चेक स्वतःच्या हातात ठेवून हळूच म्हणाला, "ह्या गावात तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का?"

अख्ख्या विलायतेत एकच माणूस होता. आणि त्याच्याचपासून तर मला पळायचं होतं. पण चेक गेले तर माझी परतीची वाटच गेली. मी ह्यांचं आणि कॉलेजचं नाव सांगितलं. मॅनेजरने फोन केला, ऐकलं आणि फोन ठेवला.

"ह्या नावाचा विद्यार्थी यंदा तिथे नाही."

मी राहत्या खोलीचा पत्ता पुढे केला. मग त्यानेच आमच्या घरमालकिणीला फोन लावला, आणि तिने ह्यांना निरोप धाडला. अर्ध्या तासाने हे धावत आले. अंगात पांढरा झगा, भुवयांवर पीठ, आणि तोच गोड वास. बिस्किटांच्या कारखान्यात पेटारे भरत होते!

"ही माझी बायको," एवढंच म्हणाले. मॅनेजरने माझ्याकडून समोर पुन्हा सह्या करून घेतल्या, पडताळल्या आणि पैसे दिले. हे मात्र एक चेक उलटा करून बघत राहिले होते. बापाचं अक्षर ओळखलं त्यांनी.

बाहेर पायऱ्यांवर विचारलं, "परत जायला दिले ना बाबांनी?"

"हो. त्यांना वाटलं, मडम आहे."

"नापास झालो गं. नाव काढून टाकलं कॉलेजने. बाबांना हे कळवण्यापेक्षा मडम परवडली असती." आणि भर रस्त्यात हा बाप्या रडायला लागला. मला राग आला होता, वाईट वाटत होतं आणि मडम नाही म्हणून हसूही येत होतं.

बोट मी धरली नाही. त्या पैशांत ह्यांचं नाव कॉलेजात पुन्हा घातलं; कारखाना संध्याकाळचा चालू राहिला. मामंजींना लिहिलं: चेक चालले, मडम नाही, मी राहते आहे. बाकी एक अक्षर नाही.

महिन्याने उत्तर आलं.

"साक्षीदार होते म्हणूनच चेक चालले. मडम नाही म्हणतेस, म्हणजे तो नापास झाला. त्याला सांग, मीही मॅट्रिकला दोनदा बसलो. हे तुझ्या सासूलाही मरेपर्यंत ठाऊक नव्हतं."

ह्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं आणि घडी करून झग्याच्या खिशात ठेवलं. मामंजींच्या हातचा तो एकच कागद मी पाहिला, ज्याच्यावर साक्षीदाराची सही नव्हती.