उनाइसी टेकडीवर येत नाही

समुद्र दुसऱ्यांदा गावात शिरला आणि शाळेची भिंत घेऊन गेला, तेव्हा आम्ही टेकडीवर राहायला जायचं ठरवलं. सरकारनं वर हिरव्या पत्र्यांची घरं बांधून दिली, सगळी एकाच साच्यातली. बिऱ्हाडं एकेक करून वर गेली. राहिली ती एकटी उनाइसी.

आम्ही सुना तिला नेई म्हणतो, म्हणजे आत्या. माझे सासरे लिवाई गावचे प्रमुख, आणि ती त्यांची मामेबहीण. आमच्या बेटांवर आते-मामे भावंडांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची आणि कुणीही रागवायचं नाही अशी रीत आहे. सत्तरी उलटली तरी ही दोघं ती रीत मनापासून पाळायची. पण तिच्या खाली राहण्यावरून सासरे खरोखर चिडले होते. गावप्रमुखाच्या घरचंच माणूस ऐकत नाही, म्हणून लोक त्यांना हसायचे.

नेईचं म्हणणं साधं होतं. ओहोटी लागली की ती जाळं खांद्यावर टाकून खडकांपर्यंत चालत जायची आणि दुपारी मासे घेऊन परत यायची. गुडघे असे की टेकडी एकदा चढली की पुन्हा उतरणं नाही. भर सभेत ती म्हणाली होती, "वर आले की तुम्ही मला मासे आणून देणार. रोज. आणि मी थाळी पुढे करून बसणार. नवरा गेल्यावरसुद्धा मी कुणापुढे थाळी धरली नाही. आता काय म्हणून धरू?"

फेब्रुवारीतला तो दिवस. वादळ उत्तरेकडून लांबून जाणार होतं, पण भरतीला मोठ्या लाटा येतील असं रेडिओवर सकाळपासून सांगत होते. पाऊस आडवा लागला होता. सासरे चहा न घेताच खाली उतरले. आज तिला उचलून आणतो, असं मला सांगून गेले.

नेई आत बसून केवड्याच्या पातींची चटई विणत होती. नातीचं लग्न तोंडावर आलेलं. सासऱ्यांनी दारातूनच हुकूम सोडला. तिनं त्यांना आधी पाय पुसायला लावले, मग लिंबाच्या पानांचा चहा दिला, वर उकडलेला कसाव्याचा कंद. त्यांनी समजावलं, धाक दाखवला, शेवटी देवाचंही नाव घेतलं. ती विणत राहिली. ते उठून बाहेर आले तोवर घर आणि टेकडी यांच्यातला ओढा दुथडी भरून वाहत होता.

"बसा आता, प्रमुखसाहेब," ती म्हणाली. "न्यायला आलात आणि मुक्कामाला राहिलात."

मग बराच वेळ काहीच घडलं नाही. बाहेर वारा घोंगावत होता आणि आत ही दोन म्हातारी माणसं. तिनं त्यांना पाती सोलायला दिल्या. त्यांनी दोन फाडल्यावर त्या काढून घेतल्या आणि म्हणाली, बोलण्याशिवाय दुसरं काही येतं का तुला? सासरे भिंतीला टेकून झोपी गेले. इतकी शांत झोप आपल्याला वर्षभरात लागली नव्हती, हे त्यांनी नंतर माझ्याजवळ कबूल केलं.

भरती आली ती दुपारी. पाणी अंगणात चढलं, उंच लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या घराखालून मागे जायला लागलं. बाजूला गवताने शाकारलेलं तिचं स्वयंपाकघर होतं, नवऱ्याने बांधलेलं. ते आधी एका अंगावर कललं, मग हळूच बसल्यासारखं खाली आलं आणि लाटेबरोबर निघून गेलं. नेई दारात उभी राहून बघत होती. सासरे सांगतात, त्या वेळी तिचा चेहरा त्यांच्याने बघवला नाही. तरी ते म्हणाले, "उना, आता तरी ऐक. पाणी उतरलं की चल."

तेवढ्यात पायाखालच्या फळ्या कचकन वाकल्या. समुद्राकडच्या कोपऱ्यातल्या खांबाखालची वाळू वाहून चालली होती. नेईनं जाळ्याचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक सासऱ्यांच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरली. घराखाली भट्टीचे दगड रचलेले होते, सणासुदीला जमिनीत डुक्कर भाजतो ते. एकेक दगड उचलून ती खांबाच्या बुडाशी लोटायला लागली. लाट आली की खांबाला मिठी मारायची, ओसरली की पुढचा दगड.

सासरे वरून ओरडत होते, वेडी झालीस का, सोड ते. मग त्यांनाच लाज वाटली. दोर दाराच्या चौकटीला बांधून तेही उतरले.

"तुला भीती वाटत नाही का गं?" दगड लोटता लोटता त्यांनी विचारलं.

"वाटते ना," ती म्हणाली. "पण भ्याले म्हणून घर सोडलं, असं व्हायचं नाही. जाईन तेव्हा माझ्या मनानं जाईन. तू दगड लोट."

खांब टिकला. संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. दोघं थंडीने काकडत चटईत गुंडाळून बसली. नातीच्या लग्नाच्याच चटईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओसरला तशी आम्ही खाली धावलो. पुरुषांनी तिला बसवून आणायला खुर्चीला बांबू बांधून घेतले होते, मी घरातली एक खोली झाडून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या जागी नुसती ओली वाळू बघून मला वाटलं, आता ती येणारच. नेई अंगणात उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग चालत घराच्या मागे, टेकडीच्या बाजूला असलेल्या निरफणसाच्या झाडापाशी गेली आणि टाचेने वाळूत रेघ ओढली.

"चूल इथे मांडायची. एवढी सरकते मी. याच्यापुढे नाही."

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. त्यांचे हात दगडांनी सोलवटले होते. मला वाटलं, आता तरी आवाज चढवतील.

"ऐकलंत ना?" ते म्हणाले. "मग उभे काय राहिलात? त्या खुर्चीचे बांबू सोडा, कुडाला लागतील."

आठवड्याच्या आत नवं स्वयंपाकघर उभं राहिलं. सभेत परत तिचा विषय निघाला, तेव्हा सासऱ्यांनी तो तिथेच मिटवला. म्हणाले, ती खाली राहील आणि जोराचं वारं सुटलं की आपल्यातलं कुणीतरी तिच्याकडे जाऊन राहील. नेईला हे कळलं तेव्हा तिनं निरोप पाठवला: कुणीही या, फक्त लिवाईला पाठवू नका, तो घोरतो.