येळवसेच्या दुपारी वाजलेला थर्मामीटर

मी मुरूमला शाळेत विज्ञान शिकवतो. अंगात येणं, करणी, भानामती असलं काही निघालं की पहिला हसणारा मीच. त्यामुळं हे लिहिताना जरा लाजच वाटतेय… तरी लिहितो.

आईला स्तनाचा कॅन्सर, सोलापूरला केमो चालू होती. हल्ली उलट्या थांबवायची औषधं इतकी चांगली निघालीत, की केमो घेऊन आलेली आई संध्याकाळी पिठलं-भाकरी खायची. त्यामुळं आमचं फावलं — आजाराचं नाव तिला सांगितलंच नाही. 'गाठ आहे, ताकदीचं सलाईन देतात, त्याच्या उष्णतेनं केस गळतात,' एवढंच. माणूस खचतं म्हणून आमच्याकडं असंच करतात. डॉक्टरांनी मला आणि बायकोला मात्र बजावलं होतं — ताप आला की लगेच निघा, पांढऱ्या पेशी कमी असतात, जिवावर बेतेल.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात असतं… पूजा, भज्जी, आंबील. आई म्हणाली, "तुमी जावा, मला कटाळा आलाय, पडते जरा." आम्ही गेलो. बाराच्या सुमारास लक्षात आलं, उदबत्त्या घरीच राहिल्या. मी गाडीवर परत आलो.

घरात शिरलो तर कपाटातून बारीक पीप-पीप… डिजिटल थर्मामीटर, बंद डबीत. डबी उघडली, आकडा १०२. कपाटाला कसला ताप? उगाच शंका आली म्हणून आईच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

"कधीपासनं गं?"

"सकाळपासनं. सणाच्या दिवशी कशाला सांगायचं म्हणलं… उतरंल की."

थर्मामीटर लावायला गेलो, तर बंद. शेजारच्या आशाताई तेवढ्या घरी होत्या, त्यांचा आणला — १०२. गाडी करून तडक सोलापूर गाठलं. पेशी पार खाली गेल्या होत्या. अँटिबायोटिक, पेशी वाढवायची इंजेक्शनं… तिसऱ्या दिवशी ताप उतरला. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातच बायकोला थर्मामीटरचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यात सेल कुठाय? संपला म्हणून सणाआधीच काढून टाकला मी. नवा आणायचा राहिलाय."

घरी येऊन झाकण काढून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. विज्ञानाच्या मास्तरानं हे कबूल करायचं म्हणजे अवघडच.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी आमच्यासमोर आईला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर म्या ताप लपवला असता व्हय रे?"

ती खचेल म्हणून लपवलं नव्हतं… भ्यालो होतो आम्हीच.