आधी ताट सांगा

"आधी ताट सांगा, मग दुखणं."

कार्ल्याच्या दवाखान्यात कंपाउंडरकाका प्रत्येकाला हेच म्हणत. डॉक्टर लोणावळ्याहून आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस दवाखाना काकांचाच. मी तिथे बाटल्या धुवायची, सुया उकळायची. काका बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत आणि समोरच्याला कालपासूनचं जेवण विचारत.

"मावशी, वांगं किती खाल्लंत?"

"दोन घास."

"भाजी कोणी केली होती?"

"मीच की."

"मग दोन घासांवर कशा थांबलात?"

बाकावरचे सगळे हसत, मावशीही. असा चौकस माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. मला एकच भेटला.

माझी धाकटी बहीण आंदर मावळात दिली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या अंगावर पित्त उठू लागलं. गांधी उठल्या की ती रक्त येईपर्यंत खाजवी. मग दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नसे, नाहीतर भांडी आपटी. सासूने आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीत गुंडाळून ठेवलं, भगताकडे नेलं. शेवटी मला निरोप आला, "भाताची कापणी झाली की पोरीला घेऊन जा. डोकं फिरलंय तिचं."

घेऊन जा म्हणजे कायमचं, हे मला कळलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. खाज थांबली, पण ती उभ्या उभ्या पेंगू लागली. सासूला बोलायला आणखी एक कारण मिळालं.

मी हे काकांना सांगितलं ते हातातल्या बाटलीकडे बघत. त्यांनी विचारलंच, "आणि ताट?"

तिचं ताट मला पाठ होतं, ते मी सांगितलं. ती सासरी गेल्यापासून दर बाजाराला मीच लोणावळ्याहून सुकट घेऊन तिला पाठवायची. पित्त उठलं असं कळलं की जास्तच, तेवढंच तिला बरं वाटेल म्हणून. माहेरची म्हणून ती एकटीच खायची.

काका म्हणाले, "मी कोकणातला, सुकटीवरच वाढलोय. पण एखाद्याला तीच सोसत नाही. पोटातलं अंगावर उठतं. आणि सारखं अंग पेटलेलं असेल तर मन कुठून शांत राहणार?"

"म्हणजे मीच तिला..."

"तुम्ही माया पाठवलीत, बाई. आता नुसता निरोप पाठवा."

तो निरोप माझ्याने दिला जाणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. रविवारी ते स्वतःच माझ्याबरोबर निघाले. बस सोडून दोन तास डोंगरातून चाललो.

सगळं ऐकून सासू म्हणाली, "तुमी दवा देता का सैपाक शिकवता?"

"दोन्ही. पंधरा दिवस हिला सुकट नको, खारं नको, आंबट ताक नको. फरक पडला नाही तर मीच हिला माहेरी पोचवीन."

"पोचवा म्हंजे झालं."

"पोचवतो. आज आधी चहा तरी पाजा."

नाही म्हणता म्हणता सासू हसली.

सोळाव्या दिवशी बहिणीचा नवरा दवाखान्यात आला. घेऊन जा म्हणायलाच आला असेल, म्हणून मी हातातली बाटली खाली ठेवली. तो काकांना म्हणाला, "एकदाच उठलं पित्त. काल खळ्यावर गानं म्हनत हुती."

"आणि आई काय म्हणते?"

"आई म्हनती, तिच्यापुढं सुकट खाववत न्हाई. आता आमचीबी बंद केली. लय वंगाळ दिस आलेत बगा आमच्यावर."

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पुढेही तिला कधीमधी पित्त उठे, ती गप्पही होई. सगळं एका सुकटीमुळे होतं असं काकाही म्हणत नसत. पण तिला घेऊन जा हे शब्द पुन्हा निघाले नाहीत.

दोन वर्षांनी काका नोकरी सोडून गावी गेले. त्या दिवशी बहीण एवढी डोंगरवाट चालून आली, पण बस नुकतीच सुटली होती. आम्ही दोघी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो.

"आक्का, कसे दिसायचे गं ते?" तिने विचारलं.

काका तिच्या घरी आले होते, तेव्हा ती सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती.