सुईचा हट्ट
हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, पण ओल्या प्लास्टरचा वास आला की आजही स्वतःची चीड येते. जन्मतः वाकड्या पावलांच्या बाळांची टाचेमागची आखडलेली कंडरा तोडायला ब्लेड बरं की जाड सुई, हे आम्ही नागपूरच्या दवाखान्यात पडताळत होतो. सुईचा हट्ट माझा. काटोलच्या एका बाळाची कंडरा पुरती तुटली नाही हे हाताला कळलं होतं. तरी ब्लेड न मागता मी प्लास्टर चढवलं. पुढे पाऊल पुन्हा वाकलं, तेव्हा भर ओपीडीत त्याच्या आईवर ओरडलो, “प्लास्टरनंतरचे बूट काहून काढले वं?” “नाही जी साहेब, पोरगं रडून राहिलं तरी नाही काढले.” “खोटं बोलू नको!” तिने हात जोडले, म्हणाली, “चुकलं असंन जी माझं. माफ करा, पण त्याचं पाऊल सरळ करून द्या.” माफी मी मागायची होती, ती मला कधीच मागता आली नाही.